ऑइल पामसाठी जमीन तपासून देणारी नागपूरची सर्व्हिस: माती पाहिली, मे महिना पाहिलाच नाही

वर्धा रोडकडे एक ॲग्री कन्सल्टन्सी आहे, नाव लिहीत नाही कारण भांडण वाढवायचं नाही आणि असल्या दुकानांचे बोर्ड तसेही दर दोन वर्षांनी बदलतात. तर त्यांच्या ऑइल पाम, म्हणजे ज्या झाडाच्या फळातून पामतेल निघतं त्याच्या, पॅकेजचा हा रिव्ह्यू. पॅकेजमध्ये काय, तर शेतावर येऊन मातीचा खड्डा घेणार, विहिरीची चौकशी करणार, हवामानाचा डेटा लावणार आणि शेवटी पीडीएफ देणार की तुमच्या जमिनीत ऑइल पाम चालतो का नाही. फी साडेसहा हजार, आणि रोपं त्यांच्याकडूनच घेतली तर ती फी रोपांच्या बिलात वळती. हे वळतीचं प्रकरण डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आमची जमीन कुही तालुक्यात आहे, पाच एकर, मी नोकरीमुळे नागपुरात आणि शेती काका पाहतात. सोयाबीन, तूर, एका तुकड्यात कापूस. सोयाबीनच्या भावाबद्दल इथे काही लिहीत नाही, लिहायला बसलो तर रिव्ह्यू बाजूला राहील. त्यात व्हॉट्सॲपवर ते फॉरवर्ड सुरू झालं, हिरव्या झाडावर लालभडक घड आणि खाली 'एकदा लावा, तीस वर्षं खा'. फोटो मलेशियाचा असणार हे उघड होतं कारण मागे चिखल होता आणि गवत हिरवंगार, आपल्याकडे ऊन असं मऊ कधी पडतच नाही.

बरं, फॉरवर्डमधलं सगळंच खोटं होतं असंही नाही. आपण खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा पामतेलाचा, फरसाणाचं कुठलंही पाकीट उलटं करून पाहा. 2021 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑइल पामचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, 11,040 कोटींचं, 2025-26 पर्यंत देशातली लागवड 10 लाख हेक्टरवर न्यायचं टार्गेट, रोपांसाठीची मदत हेक्टरी 12,000 वरून 29,000 केली. त्यामुळे चौकशी करणाऱ्याला कोणी वेडा म्हणू शकत नाही. प्रश्न एवढाच होता की हे झाड कुहीत घड देईल का, आणि त्याचं उत्तर विकत घ्यायला आपण या दुकानात गेलो.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं होतं. माती पाहायला जो पोरगा आला तो हुशार निघाला. सांगितलेल्या वेळेला आला हेच आधी नवल, वरून बांधावर उभं राहून फोटो काढून पळाला नाही. काकांकडून फावडं घेऊन दोन गड्यांबरोबर स्वतः खड्ड्यात उतरला, मीटरभर खोल खणलं, एक भिंत सुरीने साफ केली आणि वरपासून खालपर्यंत थर टेपने मोजले. मातीचं ढेकूळ घेऊन ओलं केलं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत त्याची पट्टी काढली, ती पट्टी तुटेचना, लांबच लांब लोंबत राहिली. म्हणजे चिकणमाती किती भारी ते समजलं. मग छोट्या बाटलीतून आम्लाचे थेंब टाकत खाली खाली गेला, वरच्या थरात काही नाही, अडीच फुटाखाली टाकलं तर फस्स करून फेस आला. चुना. पांढरे खडे तर नुसत्या डोळ्याला दिसत होते. खड्ड्याच्या भिंतीत भेगा अशा की माझा पंजा आत जात होता. लॅबमधून सामू, म्हणजे पीएच, आला 8.2, आम्लाच्या उलट्या बाजूला. तो पोरगा वर येऊन हात झटकत काकांना म्हणाला, "काका, ही कापसाची माती आहे." एवढंच. साडेसहा हजारातलं सगळ्यात इमानदार वाक्य ते होतं.

ऑइल पामला काय लागतं तर खोल, भुसभुशीत, पाणी धरणारी पण तुंबू न देणारी पोयट्याची जमीन, थोडी आम्लाकडे झुकलेली. मुळं तंतुमय असतात, बहुतेक वरच्या दोन फुटांत पसरतात, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात नेमकी तिथेच फाटते. पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात आणि पाणी वर साचून राहतं. चुनखडीत झाड पिवळं पडणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या संत्रावाल्याला शिकवायची गरज नाही. हे सगळं रिपोर्टच्या मातीच्या पानावर नीट लिहिलेलं आहे, भाषा पण साधी. इथपर्यंत पाच स्टार.

मग हवामानाचं पान येतं आणि तिथून गाडी रुळावरून उतरते.

त्या पानावर एक टेबल आहे. डाव्या बाजूला झाडाला काय हवं, उजव्या बाजूला तुमच्याकडे काय आहे, आणि शेवटी हिरवी किंवा पिवळी टिक. सरासरी तापमान झाडाला हवं 24 ते 30 च्या मधे, नागपूरचं वार्षिक सरासरी 27, हिरवी टिक. सूर्यप्रकाश हवा दिवसाला किमान पाच तास, आपल्याकडे ऊन मोप, हिरवी टिक. उंची हवी कमी, नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर, हिरवी टिक. पाऊस हवा 2000 ते 2500 मिलिमीटर, आपला साधारण 1100, तर पिवळी टिक आणि बाजूला 'ठिबकने भरून काढता येईल'. खाली निकाल: एस-2, मध्यम योग्य.

आता हे एस-1 (एकदम योग्य), एस-2, एस-3 (जेमतेम योग्य) आणि एन (अयोग्य) असे वर्ग जागतिक पद्धतीचेच आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ या शेती संघटनेने 1976 मध्ये जमिनीची योग्यता ठरवायची चौकट काढली तिथून आलेले, आपल्या अमरावती रोडवरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे लोकही हीच भाषा वापरतात. म्हणजे फॉर्म बरोबर आहे. फक्त नागपूरचं वर्षभराचं सरासरी तापमान 27 हे वाचून ज्याला हसू आलं नाही तो नागपूरचा नाही. 27 डिग्री आपल्याकडे कधी असतं सांगा? मे महिन्यात सरासरी कमाल 42 च्या पुढे, 2013 च्या मे मध्ये 47.9 ला पारा गेला होता. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीची सरासरी 12-13, 2018 च्या डिसेंबरअखेरीस तर 3.5 पर्यंत उतरला होता, शेकोट्या आठवत असतील. या दोन्हीची बेरीज करून भागाकार केला की मलेशिया तयार होतो, तो फक्त एक्सेलमध्ये. मलेशियातल्या जोहोरला किंवा इंडोनेशियातल्या सुमात्रात बाराही महिने दिवसा 31-32 आणि रात्री 23-24 असं असतं, तिथली सरासरी आणि तिथला कुठलाही मंगळवार यात फरक नसतो.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, गिनीच्या आखाताच्या काठच्या पट्ट्यातलं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण दहा अंशांच्या आत त्याचं खरं घर, आणि जगातलं बहुतेक पामतेल तिथूनच येतं, इंडोनेशिया आणि मलेशिया मिळूनच पाचातले चार वाटे. त्याला दिवस किती गरम आहे यापेक्षा रात्र किती गार होते आणि कोरडा काळ किती लांबतो याचं जास्त पडलेलं असतं. रात्रीचं तापमान 18-20 च्या खाली राहायला लागलं की वाढ मंदावते, 15 च्या खाली रोपं बसूनच राहतात. आणि पाऊस वर्षाला किती पडला हा अर्धाच प्रश्न आहे, दर महिन्याला शंभर-दीडशे मिलिमीटर पडतो का हा उरलेला अर्धा. आपला 1100 मधला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, मग ऑक्टोबरचा एखादा शिडकावा, संपलं. सात-आठ महिने कोरडे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला मान्सूनी सवाना म्हणतात ते आपलं हवामान, आणि हे झाड सदाहरित जंगलाच्या हवामानातलं.

आपल्या लोकांना हे संत्र्यावरून लवकर समजेल. काटोल-नरखेडकडे बागेला ताण देतात, पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात आणि मग पाणी सोडलं की बहार फुटतो. ताण हे तिथे औजार आहे. ऑइल पाममध्ये ताण दिला की बरोबर उलटं. या झाडात नर फुलांचे आणि मादी फुलांचे तुरे वेगवेगळे येतात, प्रत्येक पानाच्या बगलेत एक, आणि तो नर होणार की मादी हे घड काढायच्या साधारण दोन वर्षं आधी आतल्या आत ठरतं. त्या काळात झाड पाण्याला तरसलं की नर तुरे वाढतात, आणि नर तुऱ्याला घड नसतो. म्हणजे या मे महिन्यात मोटर जळाली तर त्याचा फटका दोन वर्षांनी दिसणार, तेव्हा तुम्ही खतवाल्याला शिव्या घालत असणार. हा मुद्दा रिपोर्टमध्ये कुठेच नाही, आणि माझ्या मते पैसे घेऊन सांगायचा मुद्दा हाच होता.

आता ते 'ठिबकने भरून काढता येईल'. त्रिकोणी पद्धतीने नऊ-नऊ मीटरवर लावलं की हेक्टरी 143 झाडं, एकरी 57. मोठ्या झाडाला रोज दोनशे लिटर धरा, कडक उन्हाळ्यात अडीचशे-तीनशे. पाच एकराला साध्या दिवशी 57 हजार लिटर आणि मे मध्ये 85 हजारांच्या आसपास. रोज. तीस वर्षं. मी हा हिशेब काकांना फोनवर वाचून दाखवला तर ते आधी काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अबे, मे मध्ये आपल्या विहिरीत बादली बुडत नाही अन् तू झाडाले तीनशे लिटर पाजतं?" गोसीखुर्द धरणाचं पाणी आहे म्हणून रिपोर्टमध्ये 'सिंचन उपलब्ध' लिहिलंय, पण कालवा सरळ आमच्या बांधावर उन्हाळाभर वाहतो अशी समजूत ज्याची आहे त्याने एकदा एप्रिलमध्ये येऊन बघावं, चहा आम्ही पाजू.

आणि समजा पाणी आहे, भरपूर आहे, तरी हवेचं काय? या झाडाला हवेत ओल लागते, ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्याकडे एप्रिल-मे च्या दुपारी ती वीस-पंचवीसवर येते. इतकी कोरडी गरम हवा लागली की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं, मुळाशी तळं केलं तरी. छिद्रं मिटली की अन्न बनणं थांबलं. ठिबक मातीला पाणी देतं, हवेला देत नाही, कूलर लावणार का पाच एकराला.

मी हे सगळं घेऊन ऑफिसात गेलो. तिथले सर शांत माणूस आहेत, चहा मागवला, भांडले नाहीत, हे पण लिहायला पाहिजे. म्हणाले, "साहेब, नारळ नाही का वाढत नागपुरात?" वाढतो ना. आमच्या कॉलनीतच चार आहेत. झाड वाढणं आणि झाडाने पैसे देणं यात जो फरक आहे तो त्या चार नारळांखाली उभं राहिलं की लगेच दिसतो.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता आणि मला तो मान्य करावा लागला. ते म्हणाले, तेलंगणातल्या खम्मम-कोत्तागुडेमला पण 44-45 जातंच की, तिथे कसा लागतो? खरं आहे. भारतातलं जवळपास सगळं पामतेल आंध्र आणि तेलंगणातून येतं, आणि तो पट्टा काही मलेशिया नाही, तिथेही पाऊस कमीच, सगळी बागायत. म्हणजे नुसत्या उन्हावरून नाही म्हणता येत नाही. पण गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत थंडी आपल्यासारखी पडत नाही, पाणी जमिनीतून भरपूर उपसता येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे गिरण्या आहेत. देशाची ऑइल पामची संशोधन संस्थासुद्धा उगाच तिथे एलुरुजवळ पेदवेगीला नाहीये. त्याच संस्थेने 2020 मध्ये देशभर हिशेब केला तेव्हा साधारण 28 लाख हेक्टर जमीन लागवडीजोगी धरली, त्यातली नऊ लाखांच्या आसपास ईशान्येत. सर म्हणाले छत्तीसगडमध्ये पण लावतायत. लावतायत, बरोबर, पण तिकडे पाऊस आपल्यापेक्षा जास्त आणि माती वेगळी, आणि 'लावतायत' हे काही उत्पन्नाचं आकडेपत्रक नाही.

महाराष्ट्रात या झाडावर ज्या केंद्रात काम चालतं ते कुडाळजवळ मुळद्याला आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस, दमट हवा, जांभ्याची आम्ल माती, थंडी नाही, तरी तिथेसुद्धा दिवाळीनंतर पाऊस नसतो म्हणून पाणी द्यावंच लागतं. महाराष्ट्रात कोणाला फारच हौस असेल तर आधी त्या बाजूला बघावं. आपल्या बाजूला म्हणाल तर सिरोंचाकडे, तेलंगणाला चिकटून, थोडं बोलणं तरी होऊ शकतं, तेही नदीचं पाणी आणि पलीकडची गिरणी दोन्ही हाताशी असेल तरच. कुही, उमरेड, काटोल, वरुड, इथे माझ्या हिशेबाने एस-2 तर नाहीच, एस-3 म्हटलं तरी मेहरबानी.

गिरणीचं तर बोलायलाच हवं. घड पंधरा-वीस किलोचा, दर दहा-पंधरा दिवसांनी काढायचा, आणि काढला की चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचला पाहिजे, नाहीतर आतलं तेल आंबट होत जातं आणि भाव पडतो. म्हणूनच आंध्रात 1993 च्या कायद्याने गिरणीप्रमाणे भाग वाटून दिलेत, त्या भागातला सगळा माल त्या कंपनीने घ्यायचाच. मी सरांना विचारलं, कुही कुठल्या गिरणीच्या झोनमध्ये येते? तर म्हणाले, "लागवड वाढली की गिरणी येईलच." पाच एकर लावून गिरणीची वाट बघायची म्हणजे नवरी नसताना मंडप घालण्यासारखं झालं. सोयाबीन निदान कळमन्याला नेऊन विकता येतं, भाव पडला तर पोत्यात भरून ठेवता येतं. हा घड कोणाला विकणार, आणि घरी ठेवून करणार काय.

एक बारीक गोष्ट, जी मला इतरत्र वाचताना मिळाली आणि रिपोर्टमध्ये असायला हवी होती: या झाडाचं परागण एक छोटा सोंडकिडा करतो, आफ्रिकेतला, नर फुलांवरच जगणारा. मलेशियाने तो 1981 मध्ये आणून सोडला तेव्हा तिथलं फळ धरण्याचं गणित बदललं, आपल्याकडे 1985 मध्ये केरळात आणला. शे-दोनशे किलोमीटरमध्ये दुसरी बाग नाही अशा ठिकाणी तो येणार कुठून, आणि आला तर आपल्या लू मध्ये टिकणार का?

रोपांबद्दल. त्यांनी नर्सरी दाखवली, काळ्या पिशव्यांतली रोपं टवटवीत होती, शेडनेट, फॉगर, सगळं झकपक. अर्थात शेडनेटखाली फॉगर लावल्यावर मी पण टवटवीत दिसेन. विचारलं टेनेरा आहे का. टेनेरा म्हणजे ड्यूरा आणि पिसिफेरा यांचा संकर, पातळ कवचाचा, तेल जास्त देणारा, लागवडीला तोच पाहिजे. हो म्हणाले, पण बियाणं कुठल्या केंद्राचं त्याचा कागद 'मागवून देतो' झालं, तो अजून आलेला नाही. आणि रोप बघून कोणालाच टेनेरा का ड्यूरा ओळखता येत नाही, तीन-चार वर्षांनी फळ कापून कवच बघितलं की समजतं. तोवर पैसे, पाणी आणि वर्षं तिन्ही गेलेली. म्हणून कागद नाही तर रोप नाही, एवढं तरी कोणी घेणार असेल त्याने पाळावं.

फी परत मागितली नाही मी, मातीचं काम झालं होतं आणि त्या पोराची मेहनत मी फुकट कशाला म्हणू. फक्त एवढंच म्हटलं की हवामानाचं पान महिन्याप्रमाणे करून द्या, बारा ओळी, किमान, कमाल, पाऊस, दमटपणा. बारा ओळी टाकल्या असत्या तर त्यांचा स्वतःचा निकाल त्यांनाच बदलावा लागला असता, आणि निकाल बदलला की रोपं विकली जात नाहीत. जो रोपं विकतो त्यानेच जमीन पास करायची, ही या पॅकेजची खरी खोट. सरांनी 'टीमला सांगतो' म्हटलं. टीमचा मेसेज आला तो असा की सर ऑइल पाम नको असेल तर ॲव्होकॅडोचं पॅकेज आहे, भरलेली फी त्यात ॲडजस्ट होईल.

स्टार: मातीच्या खड्ड्याला आणि लॅबला पाच, बोलण्या-वागण्याला चार, हवामानाच्या पानाला शून्य, त्या निकालालाही शून्य. ॲपमध्ये एकच आकडा टाकावा लागतो म्हणून दोन टाकलेत. कोणाला फक्त माती तपासून पाहिजे असेल तर फोन करून त्या खड्डेवाल्या पोरालाच पाठवा म्हणून सांगा, खड्ड्याचे वेगळे पैसे विचारा, आणि पीडीएफचं चौथं, म्हणजे हवामानाचं, पान आलं की सरळ पाचव्यावर जा.